ऋषिपंचमीची भाजी बारा महिने

आम्ही राजगुरुनगरजवळच्या एका वाडीतल्या बचत गटाच्या बाया. जुनी माणसं आमच्या गावाला अजून खेडच म्हणतात. आज आम्ही परसबागेबद्दल बोलणार आहोत, पण आधी आमची फजिती सांगतो.

आमच्यातल्या निम्म्या जणी चाकणच्या कंपन्यांत पाळीने जातात. बऱ्याच घरांची जमीन विकली गेली. घरामागे राहिली गुंठा-दोन गुंठे जागा. भाजी विकत आणायची, तीही थकून आल्यावर, हाताला लागेल ती. म्हणून गटाने ठरवलं, परसबाग करायची. दुकानातून पाकिटं आणली. टोमॅटो, फ्लॉवर, ढोबळी मिरची असं सगळं लावलं. रोज पाणी, आठवड्याला फवारणी. दिवसपाळी-रातपाळी सांभाळून हे कोण करणार? मार्च लागला आणि सगळं वाळून गेलं. पैसे गेले, आणि घरच्यांची बोलणी खावी लागली ती वेगळी.

तेव्हा गटातल्या एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, ऋषिपंचमीची भाजी आठवा की."

आम्ही विचारात पडलो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. म्हणजे नांगर न लावता, परसात हाताने लावलेलं तेवढंच चालतं. अळू, माठ, लाल भोपळा, दोडका, पडवळ. कमी कष्टाच्या भाज्यांची यादी आपल्या आज्यांनी सणातच बांधून ठेवली होती!

दुसऱ्या वर्षी आम्ही तीच यादी धरली आणि तिच्यात वर्षानुवर्षं टिकणारी झाडं घातली. काय केलं ते सांगतो.

मोरीच्या पाण्याच्या वाटेवर खड्डा केला. त्यात खाली दगड, वर खडी, त्यावर वाळू. त्यातून पुढे जाणाऱ्या पाण्यावर अळू आणि केळी. अळूचा कंद मात्र ओळखीच्या घरून, खाऊन पाहिलेला आणा. खाजरा निघाला तर घसा धरतो. भाजीत चिंच किंवा आमसूल घालायला विसरू नका.

कुंपणाच्या कडेला शेवगा. पाणी साचेल तिथे लावू नका, मूळ कुजतं. रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात आणि शेंगा हाताला येतात. पाल्याचीही भाजी करा. त्यात लोह आणि कॅल्शियम असतं, आणि आपल्या लेकीबाळींना त्याचीच गरज आहे.

तोंडली बी लावून करू नका. पेन्सिलीएवढ्या जाड वेलाचा तीन-चार डोळ्यांचा तुकडा पावसाच्या तोंडाला लावा. थंडीत वेल सुस्तावतो, तेव्हा छाटा. एकदा लागला की कित्येक वर्षं देतो. मायाळूही तुकड्यावर येतो. दोडका, वाल, घेवडा मृगाच्या पावसावर टोकायचे आणि जुन्या मांडवावर चढवायचे. मावा पडला तर सकाळी दवात चुलीची राख उडवा.

उन्हाळ्यासाठी एक युक्ती. पाणी गार न करणारा जुना माठ फेकू नका. बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधी घट्ट बसवा आणि वेलाजवळ गळ्यापर्यंत पुरा. भरून झाकण ठेवा. पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं, रोज बादली उचलावी लागत नाही. आळ्यात पालापाचोळा पसरला की ओल आणखी टिकते.

आता बियाण्याचं. वालाचं जुनं बी आमच्या वाडीत एकाच घरी उरलं होतं, त्याच सासूबाईंच्या गाडग्यात, राखेत मिसळून ठेवलेलं. जमिनी गेल्या तसं बाकी घरांतलं बीही गेलं होतं. ते मूठभर बी त्यांनी आम्हा सगळ्यांत वाटलं. एकच अट घातली, हंगाम संपला की दुप्पट परत करायचं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमची बँक म्हणजे एक फळी आणि तिच्यावरची नऊ गाडगी. पण रीत तीच. निरोगी वेल निवडायचा, त्याच्या चांगल्या भरलेल्या शेंगा खुणेची चिंधी बांधून वेलावरच वाळू द्यायच्या. शेवटची किरकोळ शेंग बियाण्याला ठेवायची नाही. संकरित पाकिटातलं बी असं धरून चालत नाही, पुढच्या वर्षी ते तसंच उगवेल याची खात्री नसते.

आता रातपाळीहून आलेली बाई पिशवी घेऊन बाजारात जात नाही, परसात जाते. सगळी भाजी घरची होते असं आम्ही म्हणणार नाही. कांदे-बटाटे आणावेच लागतात. पण पानात रोज काहीतरी हिरवं असतं.

मैत्रिणींनो, एवढंच करा. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आपल्याकडे कोणतं बी होतं?" ते अजून कुणाच्या गाडग्यात असेल, तर मूठभर मागून आणा. आणि दुप्पट परत करा.