थायलंडला राहायला जायचंय? आधी व्हिसाचं बघू

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "थायलंडला आता भारतीयांना व्हिसा लागत नाही ना? मग जाऊन राहायला काय हरकत आहे?"

हरकत आहे. आजचा सगळा भाग त्यावरच.

जुलै 2024 मध्ये थायलंडने भारतासह 93 देशांच्या लोकांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहण्याची मुभा दिली. हे दिवस सरकार बदलू शकतं, म्हणून तिकीट काढण्याआधी नियम बघाच. पण मुद्दा दिवसांचा नाहीये, ही सवलत पर्यटकांसाठी आहे हा आहे. इमिग्रेशन ऑफिसात 1,900 बात भरून मुदत वाढवून मागता येते, ती द्यायची की नाही हे अधिकारी ठरवतो. मग काही जण लाओसला किंवा मलेशियाला एक चक्कर मारून परत येतात, नवीन शिक्का घेतात. एकदा चालून जातं. पण काउंटरवरचा माणूस पासपोर्ट चाळतो, शिक्के मोजतो, आणि "तुम्ही पर्यटक दिसत नाही" म्हणून परत पाठवू शकतो. तिकडे भाड्याचं घर, सामान, सगळं तसंच राहतं.

आता घरून काम करणाऱ्या मंडळींसाठी. पुण्यात बसून अमेरिकेच्या क्लायंटचं काम करणारे खूप जण आहेत आपल्यात. त्यांच्यासाठी 2024 मध्येच आलेला 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा', म्हणजे डीटीव्ही, हा मला सगळ्यात कामाचा वाटतो. पाच वर्षं वैध, हवं तितक्या वेळा ये-जा, आणि प्रत्येक प्रवेशाला 180 दिवस. वय किमान 20. खात्यात पाच लाख बात दाखवावे लागतात, म्हणजे दरानुसार बारा-पंधरा लाख रुपये. शिवाय नोकरीचं किंवा फ्रीलान्स कामाचा पुरावा. मुए थाई किंवा थाई स्वयंपाक शिकायला जाणाऱ्यांनाही हाच व्हिसा मिळतो, हे ऐकून हसू येतं, पण खरं आहे. बायको किंवा नवरा आणि 20 वर्षांखालची मुलंही याच व्हिसाखाली येऊ शकतात. अर्ज ऑनलाइन, थायलंडच्या ई-व्हिसा साइटवर.

यात ग्यानबाची मेख दोन ठिकाणी आहे. एक, थाई कंपनीसाठी काम करायचं नाही. शेजारच्या कॅफेवाल्याची वेबसाइट पैसे घेऊन करून दिलीत तरी वर्क परमिटचा प्रश्न येतो. दुसरी मेख कराची. एका कॅलेंडर वर्षात एकूण 180 दिवस राहिलात की तुम्ही तिकडचे कर-रहिवासी. 1 जानेवारी 2024 पासून परदेशात मिळवलेलं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं तर त्यावर कर लागू शकतो. भारत आणि थायलंडमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो आपोआप लागू होत नाही. निघण्याआधी सीएकडे एक तास बसा.

आईवडिलांसाठी विचारणारेही होते. निवृत्तीचा व्हिसा वयाच्या 50 पासून मिळतो. थाई बँकेत आठ लाख बात, किंवा महिन्याला 65,000 बात उत्पन्न. वर्षाची मुदत घेताना ते आठ लाख आधी दोन महिने खात्यात पडून हवेत, नंतरही तीन महिने हलवायचे नाहीत, आणि पुढे चार लाखांच्या खाली जायचं नाही. म्हणजे हा पैसा खर्चाचा नाही, असं समजूनच चला. भारतातून पाठवण्यावरही मर्यादा आहे, एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर. त्यात हे बसतं. मला काळजी वाटते ती आजारपणाची. सत्तरीत आरोग्यविमा महाग मिळतो, आणि तिथल्या खासगी हॉस्पिटलचं बिल स्वतःच भरायचं असतं.

पट्टायात वडापावची गाडी टाकू म्हणणारे, तुमच्यासाठी थोडक्यात: रस्त्यावर विक्री हे काम थाई लोकांसाठी राखीव आहे. हॉटेल काढायचं तर कंपनी हवी, साधारणपणे एका परदेशी वर्क परमिटमागे 20 लाख बात भांडवल आणि चार थाई कर्मचारी. नावापुरता थाई भागीदार दाखवणं हा गुन्हा आहे.

आता जरा गंभीर. "थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार लाखभर, टुरिस्ट म्हणून या, परमिट नंतर करू," असा मेसेज टेलिग्रामवर आला असेल तर थांबा. परराष्ट्र मंत्रालय 2022 पासून याबद्दल सावध करतंय. बँकॉकला उतरवतात, गाडीने माय सोतला नेतात, आणि नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावड्डीत. तिथे पासपोर्ट काढून घेऊन ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना माय सोतहून परत आणलं. नोकरी खरी असेल तर कंपनी आधी कागद देते आणि तुम्ही नॉन-इमिग्रंट बी व्हिसावर जाता. एजंटचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते बघा. नसेल तर फोन ठेवून द्या.

मुदत उलटली तर दिवसाला 500 बात दंड, जास्तीत जास्त 20,000. लोक म्हणतात, "एवढंच ना?" एवढंच नाही. 90 दिवसांच्या वर गेलात, तर स्वतःहून विमानतळावर आलात तरी वर्षभर बंदी. आणि आधीच पोलिसांनी पकडलं तर किमान पाच वर्षं.

शेवटी एक बारीक गोष्ट. मे 2025 पासून प्रवेशाआधीचं डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. त्यासाठी कुठल्या साइटने पैसे मागितले, तर ती सरकारी साइट नाही.