अंथरुणातला आठ

आमच्या गटातल्या आम्ही चौघी स्कूटी शिकलो, पण लायसन्सच्या परीक्षेत ८ काढताना पाय टेकले. चौघी नापास! घरी हसं झालं ते वेगळंच.

आईल ऑफ मॅन बेटावर मोटारसायकलची शर्यत होते. एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची, वळणं २०० च्या वर. स्वार ती आधी मनात पुन्हापुन्हा चालवतात. आम्हीही रात्री डोळे मिटून ८ काढू लागलो. ॲक्सिलरेटर एकसारखा, मागचा ब्रेक हलका, नजर चाकाकडे नाही, पुढच्या वळणावर. गंमत म्हणजे मनातही तोल तिथंच जायचा! मग तेवढाच तुकडा मैदानात चुन्याच्या रेघेवर घोटला. नुसतं मनात चालवून भागत नाही बरं.

तिघी पास झालो. चौथी परवा जाणार आहे.