रुगडा, खुखडी आणि आपण

(मंडळाच्या सभागृहात केलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. पण मार्गाच्या पाहणीसाठी भर पावसात सालवनातून चालावे लागते. तिथे ट्रॅकमन मंडळींच्या संगतीत रानअळंबीची थोडीफार ओळख झाली.

आषाढ-श्रावणात रांचीच्या बाजारात रुगडा आणि खुखडी येतात. श्रावण पाळणारी मंडळी मटणाऐवजी रुगडा आवडीने खातात. रुगडा सालाच्या झाडाखाली जमिनीत मिळतो. छोट्या चेंडूसारखा, कोवळा असताना आतून पांढरा. जून झाला की आत काळी भुकटी होते. तो घेऊ नये. खुखडी वाळवीच्या वारुळावर उगवते. तिचा देठ मुळासारखा खोल वारुळात जातो.

आपल्यातले कोकणचे लोक अळंबी, विदर्भातले सात्या लहानपणापासून ओळखतात. धोका इथेच आहे. तिकडची नजर इकडच्या रानात चालेलच असे नाही. विषारी छत्रीचे कोवळे रूपही अंड्यासारखे गोल असते. म्हणून प्रत्येक गोळा उभा चिरून पाहावा. आत छत्रीची आकृती दिसली, किंवा जांभळट-काळा कठीण गर निघाला, तर सगळे फेकून द्यावे. ज्या छत्रीच्या देठाला वर कडे, बुडाशी पिशवीसारखी वाटी आणि टोपीखाली पांढऱ्या पाकळ्या असतील, तिला स्वयंपाकघरात थाराच देऊ नये. ही वाटी मातीत लपलेली असते. वरून खुडले तर नेमकी खूण रानातच राहते.

आपल्या कॉलनीच्या हिरवळीवरही पावसात मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात. त्यांतल्या एका जातीच्या पाकळ्या पुढे हिरवट होतात. ती खाल्ली तर काही तासांतच जोरदार उलट्या होतात. मुलांना हे आवर्जून सांगावे.

आता घरगुती परीक्षांविषयी. चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, लसूण निळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्ले असेल तर चांगले, हे सर्व समज खोटे आहेत. सर्वांत घातक विष शिजवून किंवा वाळवूनही जात नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानअळंबी खाऊन १३ जण दगावले. त्यांत चहामळ्यांतली कुटुंबे होती. रानाजवळ राहणाऱ्यांवर ही वेळ येते, तर आपली काय कथा?

या विषाची चाल फसवी असते. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. नंतर रोग्याला बरे वाटू लागते आणि घरचे निर्धास्त होतात. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. म्हणून रानअळंबी खाल्ल्यावर काहीही त्रास झाला, तर काढे-चूर्ण न देता थेट इस्पितळ गाठावे. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्यावी, किती वाजता आणि कोणी कोणी खाल्ली ते डॉक्टरांना सांगावे, आणि ज्यांना अजून त्रास नाही त्यांनाही तपासून घ्यावे.

एखादा ट्रॅकमन प्रेमाने खुखडी आणून देतो. त्याला नाही म्हणणे जिवावर येते. तेव्हा त्यालाच विचारावे, कुठे मिळाली, तुझ्या घरी हीच शिजते का? त्याच रानात वर्षानुवर्षे तीच जात खुडणाऱ्या बाईचे ज्ञान खरे; पण ते तिच्या रानापुरते आणि तिच्या ओळखीच्या जातीपुरते. नुसत्या फोटोवरून कोणी निर्वाळा दिला तर तो मानू नये.

सहकाऱ्यांना वेगळे सांगायला नको. सिग्नल दिसत नसेल किंवा अर्धवट दिसत असेल, तर तो सर्वांत जास्त धोक्याचा संकेत देत आहे असे आपण धरतो. अळंबीलाही हाच नियम लावा. शंका आली तर थांबा. बाप्पाच्या कृपेने बाजारात भाज्यांची कमी नाही!

गणपती बाप्पा मोरया.