ऐनवेळचे विषय



आडगावच्या एका साप्ताहिकाच्या संपादकास तालुक्यातालुक्यांतून आलेल्या पत्रकारांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद देऊन आपण जो बहुमान केला, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढले, तेथपासून आजतागायतचा आढावा अध्यक्षाने घ्यावा असा प्रघात आहे. परंतु तो आढावा स्मरणिकेत छापलेला असल्याने आपण सवडीने वाचावा. मला आज एकच गाऱ्हाणे मांडावयाचे आहे, आणि ते मी पुष्कळ वर्षे मनात बाळगले आहे: नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेला आपल्यापैकी कोणीही शेवटपर्यंत बसत नाही.

1882 साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, त्यात कारभाराच्या सोयीपेक्षा लोकांच्या राजकीय शिक्षणाला अग्रस्थान होते. त्या शिक्षणाची आजची अवस्था पाहा. खेड्याला ग्रामसभा आहे. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने 3 लाख वा अधिक वस्तीच्या शहरांस वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या. मधल्या नगरपालिकेच्या गावातील नागरिकाला मात्र आपल्या पेठेतील नळाविषयी कारभाऱ्यांशी समोरासमोर बोलण्याचे घटनेने बंधनकारक केलेले असे ठिकाण नाही. ती उणीव वृत्तपत्राने भरून काढावयाची. आणि आपण काय छापतो? वाढदिवसाच्या शुभेच्छा, नियुक्तीबद्दल सत्कार, आणि निवेदन देताना हात पुढे करून उभ्या असलेल्या शिष्टमंडळाचे छायाचित्र!

सकाळच्या परिसंवादात दोन मते हिरीरीने मांडली गेली. एक, मोबाईलमुळे आपले साप्ताहिक संपले. दुसरे, वाचकाला ठरावांची रुक्ष जंत्री नको असते. दोन्ही पक्षांस मी माझ्या अनुभवातील एकच हकीकत सांगतो.

एका सभेस, आणि गावाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, मी खिडकीजवळच्या बाकावर बसलो होतो. दिवाबत्ती आणि गटारांचे विषय उरकले, चहाबरोबर बातमीदार मंडळी उठून गेली, आणि विषयपत्रिकेच्या तळाशी असणाऱ्या ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या निरुपद्रवी ओळीखाली, एकसुरी आवाजात वाचलेल्या एका टिपणीवरून, भाजीबाजाराचे ओटे पाडून ती जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सूचक व अनुमोदक यांची नावे, सिटी सर्व्हे नंबर आणि पट्ट्याची मुदत एवढेच मी विचारून घेतले व चौकटीत छापले. अग्रलेख लिहिला नाही. पुढच्या सभेला भाजीवाल्या बाया पाट्या दाराशी ठेवून सभागृहाच्या मागल्या भिंतीला ओळीने उभ्या राहिल्या. त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती. नातवंडांकडून त्यांनी ती चौकट वाचून घेतली होती. मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याची वेळ येताच सूचक महाशयांना आपला ठराव फेरविचारार्थ ठेवणे एकाएकी इष्ट वाटू लागले!

तेव्हा रुक्षतेची तक्रार मला सांगू नका. ज्याचा ओटा जाणार असतो, त्याला सर्व्हे नंबर कादंबरीहून रसाळ लागतो. मोबाईलचे म्हणाल, तर पाणी किती वाजता येणार हे तो क्षणात सांगतो. परंतु ते चौथ्या दिवशीच का येते आणि जलवाहिनीचा मक्ता कोणास व कोणत्या दराने गेला, हे कळण्यासाठी कोणाला तरी दप्तरापाशी जाऊन बसावेच लागते. 2005 च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने दप्तर उघडले खरे. पण उघड्या दप्तराकडे पाठ फिरवून विज्ञप्तीची वाट पाहणाऱ्याला कोणताही कायदा उपयोगी पडत नाही.

तरुण बातमीदारांसाठी इतिवृत्त व अंदाजपत्रक वाचण्याचे वर्ग काढावेत, त्याकरिता काही निधी उभारावा, असे माझ्या मनात आहे. तपशील कार्यकारिणी यथावकाश ठरवील. त्यावाचून अडण्याचे मात्र कारण नाही. येत्या सभेपासून प्रत्येकाने ऐनवेळचे विषय संपेपर्यंत बसावे आणि प्रत्येक ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांनिशी छापावा. त्यापायी जाहिरात जाईल, सत्काराची निमंत्रणे थांबतील. माझीही थांबली होती. ज्यांना हे परवडणार नसेल, त्यांनी आपल्या अंकाच्या शिरोभागी मिरवणारी ‘जनतेचे मुखपत्र’ ही अक्षरे खुशाल काढून टाकावीत; त्या जागेत आणखी एक वाढदिवस मावेल.