माझ्या नववीच्या वहीतील निवडणूक

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने विद्यार्थ्यांना चार शब्द सांगण्याची आज्ञा मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नाही. मॅट्रिक झालो, दोन वर्षे अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढे चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवला, एवढीच माझी शिदोरी. तेव्हा उपदेश करण्याऐवजी एका विद्यार्थ्याचीच हकीकत सांगावी असे मी ठरविले. तो विद्यार्थी मीच. सेवानिवृत्तीनंतर घरातील जुनी ट्रंक आवरताना माझी नववीची निबंधाची वही हाती लागली. तीत मार्च १९७७ च्या निवडणुकीविषयी मी लिहिलेली काही पाने आहेत. ती वाचून मला हसू आले आणि लाजही वाटली.

त्या वेळी आम्ही एका तालुक्याच्या गावी राहत होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, पेठेच्या कोपऱ्यावर शिवणकामाचे दुकान चालवीत. एक यंत्र, एक कातरी, भिंतीवर संत नामदेवमहाराजांची तसबीर आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक, एवढा त्या दुकानाचा पसारा. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हापासून त्या बाकावरच्या गप्पा हलक्या आवाजात होऊ लागल्या होत्या; एखादा अनोळखी माणूस पायरी चढला की त्या थांबत. पुढे १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुकीची घोषणा झाली आणि तोच बाक पुन्हा बोलका झाला. वहीत मी लिहिले आहे : "गावाला कंठ फुटला."

निवडणूक म्हणजे आमच्या घरी शिवणकामाचा हंगाम. गाय-वासराचे झेंडे आबांकडे आले, तसेच चक्रातील नांगरधारी शेतकऱ्याचेही आले. शाळा सुटली की मी आणि माझी थोरली बहीण त्या झेंड्यांना काठीसाठी नेफा दुमडून देत असू. एका रात्री मी आबांना विचारले, "आपण दोघांचेही झेंडे कसे शिवता?" आबा म्हणाले, "कापडाला पक्ष नसतो. शिलाईचा दर दोघांना एकच आहे, टाकाही एकाच मापाचा आहे." मला हे उत्तर भ्याडपणाचे वाटले. वहीत तसे लिहिलेही आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला साऱ्या जगाचा न्याय करण्याची घाई असते.

अशातच आमच्या ज्ञातीतील एक वजनदार गृहस्थ, नात्याने माझे चुलत चुलते, एका कार्यकर्त्यासह दुकानी आले. आपल्या विठ्ठलमंदिराच्या सभामंडपावर त्या काळी छप्पर नव्हते. ज्ञातीच्या सर्व घरांनी एकगठ्ठा मते दिली, तर मंडपाला पत्रे मिळतील असा शब्द त्या कार्यकर्त्याने दिला. काकांनी आबांकडे पाहिले. आबांनी तोंडातील दोरा तोडला आणि म्हणाले, "काका, पत्रे ही मंडळाची गोष्ट. मत माझे आहे. ते मी कोठे देतो, हे मी मुलांच्या आईलाही सांगत नाही, आणि तिचे मी विचारीत नाही." काका काही बोलले नाहीत. चहा घेऊन दोघे निघून गेले.

प्रकरण येथेच मिटले असते. परंतु दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्या कार्यकर्त्याने मला थांबवून सहज विचारले, "काय रे, तुमच्या घरी कोणाचा जोर आहे?" आबांचे मत मला ठाऊक नव्हते. ज्याची बाजू मला स्वतःला शूरपणाची वाटत होती, त्याचेच नाव मी चार माणसांत छाती फुगवून सांगितले. "आमच्या घरची सगळी मते त्यांनाच," असे मी म्हणालो. हे वाक्य वहीत मोठ्या अभिमानाने लिहिलेले आहे. त्या वेळी मतदानाचे वय एकवीस वर्षे होते. मला स्वतःला मत नव्हते, आणि मी मात्र घरातील दोन मते चव्हाट्यावर वाटून मोकळा झालो होतो.

निवडणूक झाली. २१ मार्च रोजी आणीबाणी उठली, २४ मार्चला मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. वर्तमानपत्रांतून मोठमोठे मथळे आले. आमच्या दुकानात जे घडले ते कोणत्याही वर्तमानपत्रात आले नाही. दरवर्षी जून महिन्यात आबांकडे येणारे शाळेच्या गणवेशांचे काम त्या वर्षी दुसरीकडे गेले. काकांच्या मध्यस्थीने माझ्या बहिणीचे लग्न जमत आले होते, ती बोलणी थांबली. कारण कोणी सांगितले नाही, पण आबांना ते कळले. एका रात्री त्यांनी मला यंत्राजवळ बसवून घेतले. मार मिळेल असे मला वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "बाळ, माझे मत देण्यासाठी सरकारने एक बंद पेटी केली होती. तू ते रस्त्यावर ठेवलेस." मित्रहो, चाळीस वर्षांच्या नोकरीत मी नागरिकशास्त्र पुष्कळ शिकविले, परंतु त्याहून मोठा धडा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडला नाही.

बंद पेटीचे मोल आबांना का वाटत होते, हे मला पुढे उमजले. स्वातंत्र्यापूर्वी मताचा अधिकार मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून शिवणाऱ्या माझ्या आजोबांचे नाव त्या यादीत कोठून असणार? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांना प्रथम मत मिळाले. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह असे. निरक्षर माणसालाही आपली पेटी ओळखता यावी, हा त्यामागील हेतू. त्याच वेळची आणखी एक गोष्ट आजच्या मुलींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. देशाच्या काही भागांत पुष्कळ स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्याचे नाकारले आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. निर्णय कठोर होता. तथापि त्यातील तत्त्व स्पष्ट होते. मत घराचे नसते, नवऱ्याचे नसते, ज्ञातीचे तर नसतेच नसते. ते नाव असलेल्या एका माणसाचे असते.

डिसेंबर १९८४ मध्ये माझे पहिले मत आणि निवडणुकीचे पहिले काम ही दोन्ही एकाच वेळी आली. एका खेड्यातील शाळेत आमचे मतदान केंद्र होते. एक वृद्ध बाई मतपत्रिका हाती घेऊन मला मोठ्याने सांगू लागल्या, "गुरुजी, माझा शिक्का की नाही..." मी घाईने हात जोडून म्हणालो, "आजी, ते मला सांगू नका." "मग कोणाला सांगू?" "कोणालाच नको." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. एवढा संसार केला, एक गोष्ट तरी माझ्या एकटीची हाय म्हणायची." त्या पडद्याआड गेल्या आणि मला माझी नववीची वही आठवली. मताची गुप्तता फोडणाऱ्या कर्मचाऱ्यास कायद्याने कारावासाची शिक्षा आहे. माझ्या पंधराव्या वर्षीच्या गुन्ह्याला कलम नव्हते. त्याची शिक्षा बहिणीने भोगली. पुढील वर्षी तिचे लग्न दुसऱ्या चांगल्या घरी झाले आणि ती सुखात आहे. तरीही हे मी तिच्यासमोर आज प्रथमच जाहीरपणे बोलत आहे.

आता जी गोष्ट बोलण्यास मन कचरते, तीही बोलतो. येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येणार आहे. आगामी निवडणुकीत संस्थेने एका उमेदवारास पाठिंब्याचे जाहीर पत्र द्यावे, म्हणजे आपल्या वसतिगृहाच्या इमारतीला साहाय्य मिळेल, असा त्याचा आशय आहे. ठराव मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी मला मुळीच शंका नाही. वसतिगृह हवे आहे, ही गोष्ट खेड्यातून येणाऱ्या आपल्या मुलामुलींना भेटणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाइतकी कोणाला ठाऊक असणार? तरीही मी या ठरावाच्या विरुद्ध मत देणार आहे.

पहिले कारण कायद्याचे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने अन्य कोणी जातीच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो, आणि मतासाठी देणगीचे आमिष दाखविणे हाही. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने स्पष्ट केले की, हा निर्बंध केवळ उमेदवाराच्या जातीपुरता नाही, मतदाराच्या जातीलाही तो लागू आहे. असल्या वादात आपल्या संस्थेचे नाव का गुंतवावे?

दुसरे कारण व्यवहाराचे. यंत्रांवर मतदान होऊ लागल्यापासून प्रत्येक केंद्राची मते वेगळी मोजली जातात आणि कोणत्या आळीतून किती मते पडली, हे सर्वांना कळते. अनेक केंद्रांची मते एकत्र करून मोजावी, अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली होती. ती अमलात आलेली नाही. म्हणजे आपण शब्द दिला आणि आकडा जुळला नाही, तर आपल्या गरीब बांधवांच्या दारी विचारणा होईल. पत्रावर सही करणाऱ्यांच्या दारी ती जाणार नाही.

तिसरे कारण मात्र आबांचे. जे माझे नाही ते मी देऊ कसे? येथे बसलेल्या सूनबाईंचे, कालच अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे, शेवटच्या रांगेतील आजोबांचे मत कार्यकारी मंडळाच्या तिजोरीत ठेवलेले नाही. वहीतल्या त्या मुलाने जे अजाणतेपणी केले, ते आपण जाणतेपणी ठराव करून करणार काय?

मग संस्थेने निवडणुकीच्या वेळी स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा नमुना ६ चा अर्ज भरून घेण्याचे काम आपल्या तरुण मंडळाने अंगावर घ्यावे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा त्यासाठी धरल्या जातात, तेव्हा वर्षभर थांबण्याचे कारण नाही. दुसरी, सर्व उमेदवारांना एकाच दिवशी एकाच मंचावर बोलवावे आणि शिष्यवृत्ती, वसतिगृहे, कारागिरांची कर्जे यांविषयी सर्वांना एकच प्रश्न विचारावेत. शिलाईचा दर सर्वांना एकच असावा. उत्तरे ऐकून प्रत्येकाने आपापल्या घरी जावे आणि आपापले ठरवावे.

विठ्ठलमंदिराच्या पत्र्यांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. ते पत्रे कधीच आले नाहीत. पाचसहा वर्षांनी ज्ञातीतील घराघरांतून वर्गणी गोळा झाली आणि मंडपावर छप्पर चढले. वर्गणीची पहिली पावती काकांनी फाडली, दुसरी आबांनी. त्यापूर्वी एक दिवस काका कोटाचे कापड घेऊन दुकानात आले होते. आबांनी माप घेतले, काकांनी हात वर केले, आणि दोघांनीही मागचे काही काढले नाही. मी काजे करीत बसलो होतो.

ज्या नामदेवमहाराजांचे आपण स्वतःस वंशज म्हणवितो, त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. आपल्या ज्ञातीचा मोठेपणा कोणाच्या मतांच्या हिशेबात बसविण्याइतका लहान नाही.

आबा जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. १९७७ साली त्यांनी मत कोणाला दिले, हे मला आजही ठाऊक नाही. आईलाही मी एकदा विचारले होते. ती हसली आणि म्हणाली, "दूध उतू जाईल, बाजूला हो."