यशस्वी माणसाची चिंता आणि पडद्यावरील समुपदेशन

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजच्या विषयाकरिता एखाद्या मनोविकारतज्ज्ञास पाचारण करावे, असे मी कार्यवाहांना सुचविले होते. ‘डॉक्टर पुढच्या महिन्यात येणारच आहेत, तुम्ही घरातले सांगा,’ असे ते म्हणाले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, चाळीस वर्षे कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला मनुष्य. तेव्हा घरातलेच सांगतो. माझ्या चिरंजीवांची परवानगी घेऊन सांगतो आहे. ते मागच्या रांगेत बसले आहेत.

आपला ट्रस्ट स्थापन झाला त्या काळी पिंपरी-चिंचवडचा दिवस कारखान्यांच्या भोंग्यावर सुरू होई. आमच्या पिढीची विवंचना दुकानाचे भाडे, उधारी आणि मुलांची फी एवढीच होती. ती मुले शिकली. कोणी सनदी लेखापाल झाले, कोणी हिंजवडीत संगणक अभियंता. वाकड-रावेतला सदनिका झाली, गाडी आली आणि दोन्हींचे हप्तेही आले. दर वर्षी आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो. माझ्या मुलालाही याच व्यासपीठावर मिळाले आहे.

दर गुरुवारी रात्री साडेनऊ वाजता तो ‘खाली जाऊन येतो’ म्हणून जाई आणि तासाभराने परते. व्यापारी माणसाच्या मनात अशा वेळी जे येते तेच माझ्याही मनात आले: सट्टा, कर्ज किंवा व्यसन. एका गुरुवारी मी मागोमाग गेलो. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा बंद होत्या, आत भ्रमणध्वनीचा उजेड होता आणि माझा एकोणचाळीस वर्षांचा मुलगा डोळे पुसत कोणाशी तरी बोलत होता. मला पाहून त्याने काच खाली केली व म्हणाला, ‘अप्पा, दहा मिनिटे थांबा. माझे सत्र चालू आहे.’

सत्र म्हणजे मानसोपचाराचे. वर्षभर पहाटे तीनला त्याची झोप मोडत होती. छातीत धडधड होई, म्हणून तीनदा हृदयाचा आलेख काढला. तिन्ही वेळा निर्दोष. कार्यालयातले साधे पत्र पाठविण्यापूर्वी तो दहा वेळा वाचे. प्रत्येक बढतीनंतर, आता आपले अज्ञान उघडे पडणार, ही भीती वाढे. मी त्याला काय म्हणालो असेन? ‘तुला काय कमी आहे?’ तो म्हणाला, ‘अप्पा, हेच मी रोज स्वतःला विचारतो आणि त्याचीच लाज वाटते.’ सामायिक करीत जा, मन शांत होईल, असेही मी सुचविले. तो म्हणाला, ‘करतो, पण ती अठ्ठेचाळीस मिनिटे मी दुसऱ्या दिवशीच्या बैठकीचेच पाठांतर करीत असतो.’ त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मधुमेह झाला तर आपण आराधना चालू ठेवून इन्सुलिन घेतोच. मनाच्या बाबतीत मात्र या दोहोंची आपण विनाकारण स्पर्धा लावतो.

पुढे मी याविषयी बरेच वाचले. अशा चिंतेवर जी पद्धत अधिक वापरली जाते तिचा पाया अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात घातला. ती मला खतावणीसारखी वाटली. मनात आलेला विचार एका रकान्यात लिहावयाचा, त्याच्या बाजूचा पुरावा दुसऱ्यात, विरुद्धचा तिसऱ्यात आणि मग शिल्लक काढावयाची. परंतु नुसते लिहून भागत नाही. ज्याची भीती वाटते ते थोडे थोडे करून पाहावे लागते. आमच्या चिरंजीवांना पहिला गृहपाठ मिळाला तो असा: पत्र एकदाच वाचावयाचे आणि पाठवावयाचे. ऐकून मला हसू आले. त्याला त्यासाठी तीन आठवडे लागले.

पडद्यावरून असे उपचार होतात काय, ही शंका माझीही होती. अनेक चाचण्यांतून असे दिसले आहे की, तज्ज्ञाचे मार्गदर्शन असेल तर चिंताविकारांत इंटरनेटद्वारे दिलेल्या या पद्धतीचा गुण समोरासमोरच्या उपचाराच्या जवळपास येतो. स्वीडन व ऑस्ट्रेलिया या देशांत ती नित्याची सेवा झाली आहे. आपल्याकडे २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, टाळेबंदी आली आणि जे कधी दवाखान्याची पायरी चढले नसते ते पडद्यासमोर बसले. हिंजवडीच्या रस्त्यावर रोज दोन-तीन तास घालविणाऱ्या माणसाने संध्याकाळी पुण्यात जाऊन समुपदेशकास भेटावे, हे सांगणे सोपे आहे. शिवाय प्रतीक्षागृहात ओळखीचे कोणी भेटेल, ही धास्ती असतेच. आपल्या समाजात ती जरा अधिकच असते. स्थळे पाहण्याचे दिवस असले म्हणजे तर विचारूच नका.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून होते. महानगरांतील प्रमाण ग्रामीण भागाहून अधिक होते.

मुलाने मला एक प्रश्नावली दाखविली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली, सात प्रश्नांची. मागील पंधरवड्यात चिंता किती वेळा झाली एवढेच विचारते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन, एकूण २१ गुण. दहा किंवा अधिक आले तर तज्ज्ञाला भेटावे. ते निदान नव्हे, केवळ चाळणी. गंमत म्हणून मी भरली. माझे अकरा आले. मंडळी, उधारीचे आकडे मोजत मी वीस वर्षे रात्री दोनला उठतो आहे आणि त्यास व्यवहारदक्षता समजत आलो आहे.

आता दुकानदार म्हणून दोन शब्द. कापडाचा ताग्याचा काठ पाहिल्याशिवाय आपण माल घेत नाही. येथेही तसेच करावे. समोरची व्यक्ती कोण, शिक्षण काय, हे विचारावे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नसावा. नाव-गाव न सांगणाऱ्या अ‍ॅपवर वर्षभराची वर्गणी भरू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाचे आजार शरीराच्या आजारांप्रमाणेच धरणे भाग पाडले आहे. परंतु दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या सत्रांची फी पुष्कळ पॉलिसींत मिळत नाही, हे वाचून घ्यावे. धडधड होत असेल तर आधी डॉक्टरांकडून शरीराची तपासणी करावी; थायरॉईडचा दोषही असू शकतो. आणि जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर पडद्यावर विसंबून न राहता त्या माणसापाशी बसावे व त्यास रुग्णालयात न्यावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मराठीतही.

अडचण राहते ती जागेची. तीन खोल्यांत सहा माणसे; कोणाला मोकळेपणी बोलावयाचे असेल तर गाडी किंवा गच्ची. गेल्या पावसाळ्यापासून माझा मुलगा गुरुवारी आमच्या दुकानाच्या मागच्या गुदामात बसतो. मी शटर अर्धे ओढतो आणि तास संपेपर्यंत गल्ल्यावर थांबतो. मंगळवारी तेथे मी बसतो. मुलाचे सत्र वेगळे, माझे वेगळे. एकमेकांना विचारावयाचे नाही, असे ठरले आहे.

विश्वस्तांना एकच विनंती. भोजनशाळेच्या वरची जुन्या भांड्यांची खोली रिकामी करून द्यावी. एक टेबल, एक खुर्ची, पंखा, इंटरनेटची जोडणी आणि आतून कडी. खर्चापैकी अर्धा भाग मी देईन. मात्र त्या खोलीसाठी नावनोंदणीची वही ठेवू नये. किल्ली पुजाऱ्यांपाशी असावी आणि जो मागेल त्यास त्यांनी काही न विचारता द्यावी.

जय जिनेंद्र.