खेळण्यासाठी निवृत्ती



‘स्वेच्छानिवृत्ती’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो साधारण २००० सालच्या आसपास. बँकांत योजना आल्या, कारखान्यांत आल्या. पन्नाशीचे, चांगले धडधाकट गृहस्थ भर सकाळी दहा वाजता ओट्यावर पेपर वाचत बसलेले दिसले, की गल्ली ओळखायची, यांनी फॉर्म भरला. फॉर्मवर ‘स्वेच्छेने’ असं छापलेलं असे. ती स्वेच्छा नेमकी कोणाची, हे सही करणाऱ्यालाच ठाऊक. आज मी अशाच एका स्वेच्छानिवृत्तीची गोष्ट सांगणार आहे. फरक इतकाच, की सही करणारा सव्वीस वर्षांचा होता आणि त्याने निवृत्ती घेतली ती खेळण्यासाठी.

त्याचं नाव हिदेओ नोमो. जन्म ३१ ऑगस्ट १९६८, गाव जपानमधलं ओसाका. खेळ बेसबॉल.

आता हा कविता लिहिणारा माणूस बेसबॉलवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. मलाही त्या खेळातलं फार कळत नाही. पण आपण क्रिकेटची माणसं आहोत, तेव्हा दोन वाक्यांत समजून घेऊ. बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला गोलंदाज. मात्र त्याला धावत येता येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहून, साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे त्याला चेंडू टप्पा न पाडता फेकायचा असतो. फलंदाज तीनदा चुकला की बाद. चार फेकी भलतीकडे गेल्या, तर फलंदाज काहीही न करता पहिल्या बेसवर जाऊन उभा राहतो. थोडक्यात, सगळा सामना त्या मातीच्या ढिगावरच्या एकट्या माणसाच्या खांद्यावर असतो.

नोमोची फेकण्याची तऱ्हा जगावेगळी होती. तो दोन्ही हात डोक्यावर उंच नेई, मग कंबरेतून इतका वळे की फलंदाजाला त्याची सबंध पाठ दिसे. क्षणभर तसाच थांबे, आणि भोवरा सुटावा तसा गरकन फिरून चेंडू सोडी. लोकांनी या तऱ्हेला नाव दिलं ‘टॉर्नेडो’, म्हणजे चक्रीवादळ. त्याच्याकडे दुसरं अस्त्र होतं ते ‘फोर्कबॉल’चं. दोन बोटं फाकवून त्यांच्या बेचक्यात धरलेला हा चेंडू सरळ येतोय असं वाटतं, आणि बॅटजवळ पोचता पोचता पायाखालची फळी निघावी तसा खाली पडतो.

शाळेत असताना मात्र त्याला कोणी विचारलं नाही. कोशिएनची शालेय स्पर्धा म्हणजे जपानी पोरांचं पंढरपूर. तिथवर त्याची शाळा पोचलीच नाही. शाळा संपल्यावर कुठल्याही व्यावसायिक संघाने त्याला घेतलं नाही. मग तो साकाई इथल्या एका पोलाद कंपनीच्या संघात गेला. आपल्याकडे गिरण्यांचे, रेल्वेचे, बँकांचे संघ असत, तसाच हा कंपनीचा संघ. फोर्कबॉल तो तिथे शिकला. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेसबॉल हा प्रदर्शनीय खेळ होता. तिथे रौप्यपदक मिळवणाऱ्या जपानी संघात नोमो होता. पुढच्याच वर्षी आठ व्यावसायिक संघांनी त्याच्यावर हक्क सांगितला. जपानमधली पद्धत अशी, की एकाच खेळाडूवर अनेकांचा डोळा असेल तर चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याचा खेळाडू. खेळाडूने मालक निवडायचा नाही. चिठ्ठी निघाली किन्तेत्सु बफेलोज या संघाची. मालक होती एक रेल्वे कंपनी.

नोमोने एकच अट घातली, माझी फेकण्याची तऱ्हा बदलायची नाही. तेव्हाचे प्रशिक्षक आकिरा ओगी यांनी ती मान्य केली. पहिल्याच मोसमात, १९९० साली, त्याने १८ सामने जिंकले आणि २८७ फलंदाज चकवून बाद केले. सर्वोत्तम नवोदित तोच, सर्वोत्तम खेळाडू तोच, आणि पिचरसाठीचा मानाचा सावामुरा पुरस्कारही त्यालाच. सलग चार वर्षं सर्वाधिक विजय आणि सर्वाधिक बळी त्याच्याच नावावर राहिले.

मग प्रशिक्षक बदलले. नवे आले केइशी सुझुकी, स्वतः जुन्या जमान्यातले थोर पिचर, तीनशेवर सामने जिंकलेले. त्यांची शिस्त जुनी. धावा, फेका, आणखी फेका. १ जुलै १९९४ या दिवशीचा सेइबु संघाविरुद्धचा सामना पाहा. नोमोच्या फेकी भलतीकडे जात होत्या. त्याने सोळा फलंदाजांना फुकटात बेसवर जाऊ दिलं, तरी त्याला बदललं नाही. एकट्याने १९१ चेंडू फेकून त्याने तो सामना संपवला आणि जिंकलाही. त्याच मोसमात त्याचा खांदा दुखावला. वर्षाकाठी सतरा-अठरा सामने जिंकणाऱ्याच्या खात्यात त्या वर्षी आठच विजय जमा झाले.

वर्षअखेरीस नोमोने क्लबकडे दोन गोष्टी मागितल्या. करार एका वर्षाऐवजी काही वर्षांचा करा, आणि वाटाघाटीला माझ्या वतीने माझा प्रतिनिधी बसेल. क्लबने दोन्हीला नकार दिला. आजच्या पोरांना ही मागणी अगदी साधी वाटेल. त्या काळच्या जपानमध्ये ती आगाऊपणाची होती. खेळाडूला स्वतःचा संघ निवडायचा हक्क हवा असेल, तर दहा मोसम चाकरी करावी लागे. नोमोचे झाले होते पाच. उरलेले पाच संपेपर्यंत तो तिशी ओलांडणार होता, आणि खांदा तर आत्ताच कुरकुरत होता.

डॉन नोमुरा नावाच्या त्याच्या प्रतिनिधीने नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात एक फट सापडली. त्या फटीलाही इतिहास आहे. १९६४ साली नानकाई हॉक्स संघाने मासानोरी मुराकामी या तरुण पिचरला शिकण्यासाठी अमेरिकेत पाठवलं होतं. तो इतका चांगला निघाला, की सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला मुख्य संघात घेतलं, आणि मग मुलगा कोणाचा यावरून दोन देशांत जुंपली. १९६५चा मोसम खेळून मुराकामी परत गेला. नंतर १९६७ साली दोन्ही देशांत करार झाला, की एकमेकांच्या खेळाडूंना हात लावायचा नाही. पुढे तीस वर्षं त्या वाटेने कोणी गेलं नाही.

फट अशी होती, की ज्याने स्वेच्छेने निवृत्ती घेतली आहे तो जपानमध्ये परत खेळायला उतरला, तर त्याच्यावर जुन्याच क्लबचा हक्क. पण तो देशाबाहेर खेळला तर काय? त्याला अटकाव नव्हता. सव्वीस वर्षांचा माणूस निवृत्त होऊन परदेशी खेळायला जाईल, असं नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसावं.

जानेवारी १९९५मध्ये नोमोने सही केली. आपण निवृत्त होत आहोत, असं त्या कागदावर होतं. श्रोतेहो, त्या सहीचा मी पुष्कळदा विचार करतो. अमेरिकेत जमलं नसतं, तर परतीची वाट एकाच दारातून होती, ज्या दारातून तो भांडून निघाला त्याच. जपानी वर्तमानपत्रांनी त्याला स्वार्थी म्हटलं, कृतघ्न म्हटलं. ज्याने १९१ चेंडू फेकूनही सामना अर्ध्यावर सोडला नाही, त्याला पळपुटा ठरवलं गेलं.

फेब्रुवारीत लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला घेतलं. करार करतानाची रक्कम होती वीस लाख डॉलर, वर्षाचा पगार मात्र तिथल्या नवख्याला मिळतो तेवढा, किमान. अमेरिकेतही दिवस बरे नव्हते. ऑगस्ट १९९४पासून खेळाडूंचा संप सुरू होता. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती आणि प्रेक्षक चिडलेले होते. चेंडू वेगळा, किंचित मोठा आणि गुळगुळीत. जपानमध्ये पिचर आठवड्यातून एकदा उतरे, इथे दर पाचव्या दिवशी. आणि भाषा येत नव्हती.

इथे एक स्वतःचं सांगतो. माझ्या घरची बोली दखनी. मी लिहितो मराठीत. तरुणपणी एका कविसंमेलनात माझं नाव पुकारलं गेलं, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, ‘हे मराठीत वाचणार का?’ त्यात वाईट हेतू नव्हता, नुसतं कुतूहल होतं. पण मंचापर्यंतची ती वीस पावलं मला अजून आठवतात. अशा वेळी माणूस भाषण करत नाही. कागद उघडतो आणि वाचायला लागतो.

नोमोने २ मे १९९५ रोजी तेच केलं. मैदान होतं सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क. तीस वर्षांपूर्वी मुराकामीचं घरचं मैदान हेच. नोमोने पाच डाव टाकले, एकही धाव दिली नाही, फक्त एक फटका बसू दिला आणि सात जणांना चकवून बाद केलं. डॉजर्स तो सामना पुढे हरले, पण पाठ दाखवून फेकणारा हा अबोल माणूस लोकांच्या डोळ्यांत भरला. जुलैमध्ये ऑल-स्टार सामन्यात नॅशनल लीगचा पहिला पिचर तोच होता. मोसमात १३ विजय, नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक २३६ बळी आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान. तिकडे जपानमध्ये वेळेच्या फरकामुळे त्याचे सामने सकाळी दिसत. चौकातल्या मोठ्या पडद्यांसमोर कामावर निघालेली माणसं थबकत. त्याला कृतघ्न म्हणणारी वर्तमानपत्रं आता त्याची छायाचित्रं पहिल्या पानावर छापत होती. ज्याने निवृत्तीच्या कागदावर सही केली होती, त्याच्यामुळे दोन देशांतली माणसं पुन्हा मैदानाकडे वळली.

१७ सप्टेंबर १९९६ची एक रात्र. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच. हवा विरळ, चेंडू लांब जातो, म्हणून पिचर लोक त्या मैदानाच्या नावाने बोटं मोडतात. त्यात पावसाने सामना उशिरा सुरू झालेला, ढिगाची माती निसरडी. भोवऱ्यासारखं वळावं तर पाय सटकतो. नोमोने मग स्वतःचं चक्रीवादळ बाजूला ठेवलं. ज्या तऱ्हेसाठी त्याने एकेकाळी अट घातली होती ती सोडून, साध्या आटोपशीर हालचालीने तो फेकत राहिला. सबंध सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही फटका मिळाला नाही. याला ‘नो-हिटर’ म्हणतात. कूर्स फील्ड या मैदानावर असा सामना आजवर तेवढा एकच झाला आहे. मला वाटतं, आपली तऱ्हा दुसऱ्याने मोडायला लावणं वेगळं आणि गरज ओळखून आपण ती बाजूला ठेवणं वेगळं. पहिल्याला तो नाही म्हणाला. दुसरं त्याने न सांगता केलं.

पुढे उतरण लागली. कोपराची शस्त्रक्रिया झाली. डॉजर्सने त्याला न्यूयॉर्कला पाठवलं, तिथून मिलवॉकी, डेट्रॉइट, बॉस्टन. संपला, संपला म्हणता म्हणता २००१च्या एप्रिलमध्ये बॉस्टनकडून पहिल्याच सामन्यात त्याने दुसरा नो-हिटर टाकला. अमेरिकेच्या दोन्ही लीगांत हे करणारे त्याच्या आधी फक्त तिघे होते. परत डॉजर्सकडे येऊन दोन मोसमांत सोळा-सोळा विजय. मग पुन्हा दुखणं. २००५नंतर मोठ्या मैदानाचं दार बंद झालं, तर हा माणूस हिवाळ्यात व्हेनेझुएलात जाऊन खेळला. २००८ साली कॅन्सस सिटीकडून कसेबसे तीन सामने मिळाले. त्या जुलैमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. ही खरी. वय एकोणचाळीस. अमेरिकेत १२३ विजय, जपानमध्ये ७८. जाताना लोक समाधानाची भाषा बोलतात. तो म्हणाला, की आपल्या मनात रुखरुख आहे, अजून खेळायचं होतं.

दरम्यान ती फट जपानने बुजवली. १९९८ साली नवा रीतसर मार्ग ठरला. अमेरिकी क्लबने पैसे मोजायचे आणि जपानी क्लबने खेळाडू सोडायचा. त्या दारातून २००१ साली इचिरो सुझुकी गेला. २०२३ साली योशिनोबु यामामोतोने त्याच डॉजर्सबरोबर बारा वर्षांसाठी साडेबत्तीस कोटी डॉलरचा करार केला, आणि २०२५च्या वर्ल्ड सिरीजचा तो मानकरी ठरला. आता जाणाऱ्याला निरोप देताना कोणी कृतघ्न म्हणत नाही. हार घालतात.

२०१४ साली जपानने नोमोला आपल्या सन्मान-दालनात बसवलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कूपर्सटाऊनच्या दालनासाठी मतदान झालं. ५७१ मतांपैकी त्याला सहा मिळाली. २०२५ साली इचिरो तिथला पहिला जपानी मानकरी झाला, तेव्हा त्याला फक्त एक मत कमी पडलं होतं. आकड्यांनी पाहिलं तर हा निकाल चुकीचा नाही. इचिरोचे आकडे डोंगराएवढे आहेत. पण दार उघडणाऱ्याची मोजदाद आकड्यांच्या वहीत कुठे करायची, हा प्रश्न राहतोच.

नोमोने त्यावर तक्रार केल्याचं मी वाचलेलं नाही. त्याने केलं ते वेगळंच. ज्या पोलाद कंपनीच्या संघात तो घडला, तो संघ १९९४ सालीच बंद झाला होता. किन्तेत्सु बफेलोजही २००४नंतर उरला नाही, दुसऱ्या संघात विलीन झाला. मंदीत कंपन्यांचे संघ एकामागून एक बंद होत होते आणि पोरांना खेळायला जागा राहत नव्हती. तेव्हा, २००३ साली, स्वतः अमेरिकेत खेळत असतानाच, नोमोने साकाईत एक हौशी क्लब काढला. ज्या पोरांना शाळेनंतर कोणी विचारत नाही, त्यांच्यासाठी.

कारण असं एक पोर त्याने जवळून पाहिलं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)